तिसऱ्या राउंडला पडलेल्या मुली

८ जानेवारी, गुरुवार

आमच्या चाकणच्या कारखान्यांना सुट्टी गुरुवारी, बाकी जगाला रविवारी. इंटरव्ह्यूला रजा मागावी लागत नाही, एवढाच काय तो फायदा. आजचा ताथवड्याच्या पुढे, काचेच्या बिल्डिंगीत. सॉफ्टवेअर टेस्टिंगची जागा. पहिला राउंड पास, दुसरा पास. त्यांनी दिलेल्या ॲपमधल्या अकरा चुका काढल्या. तिथल्या पोराने यादी दोनदा वाचली आणि म्हणाला, यातल्या तीन आम्हालाही माहीत नव्हत्या.

तिसऱ्या राउंडला मोठे सर. त्यांनी स्वतःचं गोडाऊनचं सॉफ्टवेअर पडद्यावर दाखवायला घेतलं. मला लगेच दिसलं. माल आल्याची तारीख बाराची, गेल्याची दहाची. म्हणजे माल यायच्या आधीच गेला. मी उभी राहिले. म्हणाले, सर थांबवा, हे चुकलंय. हे कोणी बनवलं?

सरांच्या शेजारी बसलेल्याचे कान लाल झाले. पण चूक होतीच. टेस्टरची परीक्षा आणि काय असते? मला वाटतं, होणार हे काम.

१० जानेवारी, शनिवार

झालं नाही. मेल आला. टेक्निकल उत्तम, 'टीम फिट' नाही. एचआरच्या मुलीला फोन केला. ती गोड आवाजात म्हणाली, यू वर अ लिटल ॲग्रेसिव्ह. चूक काढायला माणूस हवाय आणि चूक काढली तर ॲग्रेसिव्ह. डोक्यात तिडीक गेली.

आमच्या लाइनवर डोक्यावरून पिवळी दोरी जाते. वायरच्या जुडग्यात पिन मागे सरकलेली दिसली, कनेक्टर उलटा दिसला, की ओढायची. लाइन थांबते. शेजारी लीडर असो की प्लँटहेड, विचारायचं नाही. ओढली म्हणून कोणी बोलत नाही, नाही ओढली तर बोलतात. (शिफ्ट संपताना ओढली तर लीडर तोंड वाकडं करतो, ती गोष्ट वेगळी.) चौदा महिने हेच केलंय. हात आपोआप वर जातो.

चहाच्या सुट्टीत मनीषाला सांगितलं. ती माझ्या पुढच्या स्टेशनवर, कंपनीशेजारच्या महाळुंगे गावातल्याच जुन्या घरातली. बी.एस्सी. कॉम्प्युटर. टेस्टिंगचा कोर्स आम्ही दोघींनी मिळून केला, आणि खरं सांगायचं तर चुका तिला माझ्यापेक्षा जास्त दिसतात. ती वडा खात म्हणाली, "चूक व्हती का न्हवती? व्हती. मंग?"

१३ जानेवारी

हिशोब नीट मांडते. तीन इंटरव्ह्यू, तिन्ही वेळा तिसऱ्या राउंडला पडले. ट्रेनीची मुदत २८ फेब्रुवारीला संपते. मुदत वाढत नाही, नवी बॅच येते. तोवर आयटीत काही जमलं नाही तर बी.ई. कॉम्प्युटर झालेली मी परत दुसऱ्या कुठल्या तरी लाइनवर ट्रेनी म्हणून उभी राहणार, पहिल्या दिवसापासून. पप्पा काही बोलत नाहीत. आई बोलते.

आज म्हणाली, खालच्या मजल्यावरच्या मुलीने ताथवड्याचा तो बोलण्याचा क्लास लावला आणि महिन्यात लागली. बोलण्याचा क्लास. पंचविसाव्या वर्षी बोलायला शिकायचं.

१५ जानेवारी, गुरुवार

लावला. मेसच्या वरच्या मजल्यावर, जिन्यात फोडणीचा वास. गुरुवारची बॅच खास कंपनीवाल्यांसाठी. अठरा जण, सगळ्यांचे चेहरे पोलिओचा डोस द्यायला आणलेल्या मुलांसारखे. मनीषाला ये म्हणाले होते. म्हणाली, "मला न्हाई जमायचं त्ये खोटं हसणं. तू जा, मला येऊन सांग."

शर्वरी मॅडम. ब्लेझर. पहिला तास स्माइल. दातांत पेन्सिल आडवी धरून आरशात बघायचं, गाल आपोआप वर जातात. अठरा जण पेन्सिल चावत उभे. माझ्या शेजारचा तळेगावचा फिटर, वय पस्तिशीच्या पुढे, त्याची लाळ गळली आणि तो शरमला. मला मॅडमची नाही, स्वतःची शिसारी आली. मीही चावतच होते की.

मग नाव. सुकेशिनी. मॅडम म्हणाल्या, क्लायंटची जीभ अडखळेल, आपण 'सुकी' करू या. आजीने विहारात ठेवलेलं नाव, दोन मिनिटांत छाटलं. मी काय केलं? हसले. पेन्सिलशिवाय.

१६ जानेवारी

मनीषाला सांगितलं. ती अख्खी शिफ्ट हसत होती. "सुकी? बोंबील हाय का तू?" आता लाइनवर सगळ्या बोंबील म्हणतात. हे तरी खरं नाव वाटतं.

२२ जानेवारी, गुरुवार

आज मॉक, म्हणजे सरावाचा इंटरव्ह्यू. 'टेल मी अबाउट युवर फॅमिली.' मी म्हणाले, वडील प्रेस ऑपरेटर आहेत, एकोणतीस वर्षं. मॅडमनी मध्येच थांबवलं. "ऑपरेटर नको, बेटा. पिक्चर खाली जातं. 'माय फादर इज इन मॅन्युफॅक्चरिंग.' खोटं नाहीये ना?"

खोटं नाहीये. हेच तर. खोटं असतं तर मला भांडता आलं असतं.

परत उभी राहिले. माय फादर इज इन मॅन्युफॅक्चरिंग. हसत, मान किंचित तिरकी. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. तळेगावच्या फिटरने सर्वांत जोरात. शी. घरी येईपर्यंत बसमध्ये तोंडात काहीतरी कडू राहिलं होतं.

२३ जानेवारी

क्लासने व्हिडिओ व्हॉट्सॲपवर पाठवला. आईने लगेच पप्पांना दाखवला. पत्रा ठोकणाऱ्या मशिनींच्या त्या प्रेस शॉपने पप्पांचा डावा कान नेला, उजवाही अर्धाच. त्यांनी मोबाइल उजव्या कानाला धरला, मग डोळ्यांपुढे, मग परत कानाला. म्हणाले, "छान बोललीस, माय. फादर म्हणलीस न? काय म्हणलीस माझ्याबद्दल?"

मी म्हणाले, मॅन्युफॅक्चरिंगमध्ये आहेत म्हणाले. ते म्हणाले, "बरोबरच हाय की." आणि चहाचा कप विसळायला उठले. एरवी कप तिथेच ठेवतात.

२६ जानेवारी, सोमवार

झेंडावंदनाची सुट्टी. पप्पा घरी. मी धुणं वाळत घालत होते. ते गॅलरीत आले आणि त्यांनी आपणहून विचारलं, तो काचेच्या बिल्डिंगीतला इंटरव्ह्यू का बिघडला. आजवर विचारलं नव्हतं. मी ओरडून ओरडून सगळं सांगितलं. त्यांना ऐकू जायला हवं म्हणून, त्यामुळे समोरच्या बिल्डिंगीलाही कळलं.

ते म्हणाले, चूक दाखवलीस ते ठीक. पण 'कोणी बनवलं' हे कशाला विचारलंस?

मी म्हणाले, बनवलं त्यालाच विचारणार ना.

मग त्यांनी डावा हात पुढे केला. मधल्या बोटाचं शेवटचं पेर नाही. लहानपणापासून बघते, मशीनमध्ये गेलं एवढंच माहीत होतं. आज कळलं. लातूरहून आल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी एका जोडीदाराने डाय, म्हणजे प्रेसचा साचा, चुकीची बसवली होती. पप्पांनी ते पाहिलं आणि साहेबासमोर त्याचं नाव घेऊन ओरडले. चूक खरी होती, पप्पा बरोबर होते. पण त्या माणसाने पुढे कधी पप्पांना काही सांगितलं नाही. पावसाळ्यात पप्पांच्या प्रेसचं हात वाचवणारं गार्ड सैल झालं. त्याला दिसलं होतं. तो गप्प बसला.

"मुद्दाम न्हाई बसला," पप्पा म्हणाले. "पण बोलावं वाटलं न्हाई त्याला. तवापासून मी माणसाकडं बघत न्हाई माय, पार्टकडं बघतो. काय झालंय, कुठं झालंय, कवापासून. कोणी, हे विचारत न्हाई. ज्याचं त्याला कळतंच."

मी ओले कपडे हातात धरून उभी. एकोणतीस वर्षं प्रेसच्या आवाजात काम केलेल्या, अर्ध्या बहिऱ्या माणसाला जे कळलं ते त्या ब्लेझरवालीला कळलेलं नाही. आणि मलाही नव्हतं. ते जास्त झोंबलं.

२९ जानेवारी, गुरुवार

क्लासमध्ये पप्पांची पद्धत वापरून पाहिली. मॉकमध्ये मॅडम क्लायंट झाल्या आणि मुद्दाम चुकीचा आकडा दाखवला. मी पडद्याकडे बोट केलं आणि शांतपणे सांगितलं, ही बेरीज इथे, तिसऱ्या ओळीपासून जुळत नाहीये. चेहरा शांत, आवाज शांत.

मॅडम म्हणाल्या, खूप इम्प्रूव्हमेंट, पण मुळात क्लायंटला करेक्ट करायचंच नाही. 'दॅट्स ॲन इंटरेस्टिंग ॲप्रोच' म्हणायचं आणि पुढे जायचं. मी विचारलं, मग चूक कोण सांगणार? म्हणाल्या, "आधी आत तर ये, राजा. मग सांग."

वहीत लिहून घेतलं. दॅट्स ॲन इंटरेस्टिंग ॲप्रोच. वीट आला.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

इंटरव्ह्यू. वाकड. पहिले दोन राउंड ठीक. तिसऱ्याला प्रोजेक्ट डिलिव्हरी बघणारे सर आणि एचआरची नेहा मॅडम. सरांनी त्यांचं हॉस्पिटलचं अपॉइंटमेंटचं ॲप दाखवलं. पेशंटचं नाव टाकलं, डॉक्टर निवडला, वेळ निवडली. तीच वेळ परत निवडली, दुसऱ्या पेशंटला. ॲपने तीही दिली. एका वेळी, एका डॉक्टरपुढे दोन माणसं. सरांना दिसलं नाही, किंवा दिसूनही पुढे गेले.

मला कसं सांगायचं ते येत होतं. काय, कुठे, कधीपासून. वाक्य तोंडात तयार होतं, इंग्रजीत, व्याकरणासकट. सरांनी विचारलं, एनी ऑब्झर्वेशन्स?

मी हसले. म्हणाले, व्हेरी क्लीन फ्लो, सर.

नेहा मॅडमने काहीतरी लिहिलं. नंतर विचारलं, कुटुंबात कोण कोण. मॅन्युफॅक्चरिंग. सुकी. सगळं घडाघडा बाहेर आलं, तोंडात कॅसेट घातल्यासारखं.

१३ फेब्रुवारी

लाइनवर दोनदा चुकून दोरी ओढली. फॉल्ट नव्हताच. लीडर म्हणाला, काय गं बोंबील, तब्येत बरी आहे ना. डबा तसाच परत आणला.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

सिलेक्ट झाले. मेलमध्ये लिहिलंय: एक्सलंट कम्युनिकेशन, ग्रेट लिसनर. १६ मार्चला जॉइन. आई रडली. पप्पांनी पेढे आणले, उद्या शॉपमध्ये वाटणार. प्रत्येकाला सांगणार की आमची मुलगी चुका शोधायच्या कामाला लागली.

मलाही आनंद झाला. खोटं कशाला लिहू, झाला. दहा मिनिटं गॅलरीत जाऊन उभी राहिले आणि चक्क नाचावंसं वाटलं. मग ते दोन पेशंट आठवले.

२८ फेब्रुवारी, शनिवार

लाइनवरचा शेवटचा दिवस. माझी आणि मनीषाची, दोघींची मुदत आजच संपली. तिच्या हातात काही नाही. घरच्यांनी गावातच एका गोडाऊनला चिकटवायचं ठरवलंय, बारकोड मारायला. तिला सगळं खरं सांगितलं, तिसऱ्या राउंडला काय बघितलं आणि गप्प बसले तेही. वाटलं होतं, शिव्या देईल.

ती म्हणाली, "आत गेलीस ना? आता आतून दार उघड. म्हंजी झालं."

१६ मार्च

जॉइन. गळ्यात कार्ड: सुकी कांबळे. ईमेलही तसाच. विचारलं, बदलता येईल का. म्हणाले, तिकीट टाक, म्हणजे सिस्टिमवर तक्रार. टाकलं. दिवसभर सगळे एकमेकांना 'ऑसम' म्हणत होते. प्रिंटर सुरू झाला तरी ऑसम.

२० मार्च

तो दोन पेशंटवाला दोष सिस्टिममध्ये नोंदवला. पप्पांच्या पद्धतीने, कोणाचंही नाव न घेता. तासाभरात टीम लीड खुर्ची सरकवत आला. चांगला माणूस आहे, भुसावळचा. हळूच म्हणाला, "हे सगळ्यांना माहितीये गं. डेमो झाल्यावर बघू. तू चांगलं लिहिलंयस पण, कोणाला लागलं नाही."

म्हणजे कोणालाच लागलं नाही. नोंद बंद झाली. शेरा: नंतर.

लीडला मी विचारलं, माझ्या इंटरव्ह्यूच्या वेळीही माहीत होतं? म्हणाला, हो, नेहमी तेच दाखवतात. कधी कधी पोरं बोट दाखवतात, मग सरांचा मूड जातो. इतकी चीड आली की वॉशरूममध्ये जाऊन दोनदा तोंड धुतलं.

२७ मार्च

टेस्टिंगला अजून एक जागा निघाली. नेहा मॅडमने सगळ्यांना मेल केला, ओळखीचं कोणी आहे का. मी दोन मिनिटांत मनीषाचं नाव पाठवलं. फोनवर तिला सांगितलं तर म्हणाली, "खोटं हसायला लावत्यात का?" मी म्हणाले, फक्त तिसऱ्या राउंडला.

४ एप्रिल, शनिवार

मनीषा घरी आली तयारीला. तिला पप्पांची पद्धत सांगायला गेले तर पप्पाच पुढे येऊन बसले. दोघं तासभर बोलत होते, ती त्यांच्या उजव्या कानात, ते हातवाऱ्यांनी. क्लासमधलं मी काही शिकवलं नाही. शिकवायला हवं होतं का, हे डोक्यात येऊन गेलं. पेन्सिल आणून तिच्या हातात द्यायची? तोंडच उघडलं नाही.

८ एप्रिल, बुधवार

सविस्तर लिहिते. नाहीतर उद्या मी स्वतःलाच वेगळं सांगेन.

मनीषाचे पहिले दोन राउंड उत्तम. दुसऱ्या राउंडवाला बाहेर येऊन मला म्हणाला, कुठून आणलीस हिला, काय नजर आहे. तिसऱ्याला तेच सर, तेच ॲप, तेच दोन पेशंट. मी काचेबाहेर माझ्या जागेवर. आवाज येत नव्हता, दिसत होतं. मनीषाने हात वर केला. उठली नाही. पडद्याकडे बोट केलं, सरांकडे बघितलंच नाही. दोन-तीन वाक्यं बोलली असेल. सरांनी मनगट उलटं करून घड्याळ बघितलं.

चार वाजता नेहा मॅडमने आत बोलावलं. समोर फॉर्म. म्हणाल्या, टेक्निकलला सगळ्यांत पुढे आहे. बरोबर पकडलं तिने, आणि तसं पोलाइटली सांगितलंही. पण इंग्रजी दोन वाक्यांनंतर संपलं आणि मराठीत शिरली, तीही गावाकडची. हसली एकदाही नाही. तू तिला ओळखतेस. क्लायंटसमोर बसवता येईल का?

मी म्हणायला हवं होतं: मॅडम, ती माझ्यापेक्षा चांगली आहे. जे मी बघून गिळलं ते तिने सांगितलं, आणि एवढ्या नीट सांगितलं की मलाही जमलं नसतं. इंग्रजी सहा महिन्यांत येईल, ही नजर येत नाही. सगळं माहीत होतं. गेला महिनाभर रोज मनात हेच चाललंय.

आणि माझं तोंड उघडलं. मान किंचित तिरकी झाली. "टेक्निकली शी इज व्हेरी स्ट्राँग. कम्युनिकेशनवर थोडं काम करावं लागेल."

कोणी दमदाटी केली नव्हती. नोकरी जाणार नव्हती. विचारायच्या आधी उत्तर तयार होतं. नेहा मॅडम म्हणाल्या, एग्झॅक्टली, थँक्स फॉर बीइंग ऑनेस्ट. आणि माझंच वाक्य फॉर्मवर लिहिलं, माझ्या देखत, माझ्या नावासकट. सुकीच्या नावासकट.

क्लासची किळस आली होती, सरांची आली होती. आजची तशी नाही. ही अंगाला चिकटलेली आहे.

९ एप्रिल, गुरुवार

घरी पोचले तर चपलांमध्ये मनीषाच्या चपला. तिच्या गोडाऊनलाही गुरुवारचीच सुट्टी. दुपारपासून येऊन बसलेली. आईसाठी आंबेमोहोर घेऊन आलीये, घरच्या शेतातला. पप्पांनी तिच्याकडून कालचं सगळं दोनदा ऐकून घेतलं होतं. मला बघून म्हणाले, "ह्या पोरीनं बराबर केलं बघ. साहेबाकडं बघितलं बी न्हाई म्हणं."

मी पाणी प्यायला आत गेले. ती मागे आली. विचारलं, काही कळलं का. मी म्हणाले, अजून नाही, सोमवारी फॉर्म वर जातो. हे खरं होतं.

तुला काही विचारलं का त्यांनी, म्हणाली. मी म्हणाले, हो, विचारलं.

तिने पुढे काही विचारलं नाही. माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "तू हायस ना तिथं. मंग मला काय घोर न्हाई."

जेवून गेली. पप्पा तिला बसस्टॉपपर्यंत सोडायला गेले.

सोमवारी फॉर्म वर जातो. उद्या शुक्रवार. नेहा मॅडम दहाला येतात.